अकिनिसीचा नवरा

तक्रार:

"माझ्या नवऱ्याला श्वास लागलाय." दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खाडीपलीकडच्या मासेमारीच्या झोपडीतून अकिनिसीआत्या उपग्रह-फोनवर बोलत होती आणि तिचं बोलणं तुकड्यातुकड्यानं पोचत होतं. "बरगड्या आत ओढतोय... म्हातारा गावात... काय करू ग, अलासी?"

"म्हाताऱ्याला गावात आणू नकोस. हलवूच नकोस त्याला. मी येते."

उत्तरेतल्या या बर्फाळ गावात डॉक्टर महिन्यातून एकदा विमानानं येतो. बाकीचे दिवस तपासणारी, टाके घालणारी आणि औषध लिहिणारी नर्स मीच.

नाव: पुतुलिक
वय: ७४
वजन: ८१ किलो

हे मला तोंडपाठ होतं. त्याचं हृदय थकलेलं होतं, गेल्याच महिन्यात फुप्फुसांत पाणी झालं होतं.

औषध:

"आत्या, नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा आहे ना तिथे?"

"डबा आहे फळीवर. पण—"

"त्यातल्या पाणी उतरवायच्या, पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या. दोन दे. आत्ता."

"ह्याला? दोन?"

"हो, त्यालाच."

"गिळेल का ग हा?"

"नाही गिळल्या तर कुटून दे."

फोन तुटला. परत लावला, लागला नाही.

मी ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर काढला, मोठ्या माणसाचा मास्क काढला. दुभाषी-कारकून सियाजा बर्फगाडीची किल्ली शोधत होती. तेवढ्यात दार उघडलं. कुणीतरी उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झाडला.

"आई, कानात काहीतरी गेलंय बघ ना. अकिनिसी म्हणते मला ऐकूच येत नाही. म्हटलं, पेट्रोल घ्यायला आलोच आहे तर आईला दाखवून जावं."

पुतुलिक. दोन पायांवर उभा, गाल वाऱ्यानं लाल झालेले.

तो मला आई म्हणतो, कारण त्याच्या आईचं नाव मला दिलंय. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव मिळालं की त्याचं नातंही मिळतं. मी चार वर्षांची असताना त्यानं मला पहिला ससा आणून दिला होता, आईला लेकानं द्यावा तसा.

"एवढी तयारी कुणाची?" त्यानं पिशवीत डोकावलं.

"तुझी."

"मी मेलो की काय? मला कुणी सांगितलं नाही."

सियाजा हसली. मला हसू येईना. "अकिनिसीआत्याचा फोन होता. म्हणाली, नवऱ्याला श्वास लागलाय."

त्यानं पिशवीतून मान वर काढली. मग तो अगदी हळू म्हणाला, "नवरा म्हणाली? मला ती म्हातारा म्हणते. चाळीस वर्षं झाली, म्हाताराच म्हणते."

नातं:

यूसिपी. अकिनिसीचा पहिला नवरा. तरुणपणीच बर्फ फुटून खाडीत गेला. आठ महिन्यांपूर्वी तिच्या मुलीला मुलगा झाला. त्याला यूसिपी नाव दिलं आणि अकिनिसीनं तो वाढवायला घेतला. तेव्हापासून तो तिचा नवरा. दुकानात, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर ती त्याला नवरा म्हणते आणि त्याची नाकपुडी पुसते. हे मला माहीत होतं. गावातल्या कुत्र्यांनाही माहीत असेल. पण सात वर्षं दक्षिणेतल्या शहरात शिकून आल्यावर, फोन कानाला लावल्यावर, माझ्या डोक्यात नवरा या शब्दाला एकच माणूस उरला होता.

~~नाव: पुतुलिक~~
~~वय: ७४~~

आणि दोन गोळ्या. कुटून.

"वजन किती असेल त्याचं?" मी विचारलं.

पुतुलिकनं दोन्ही हात पुढे केले, हवेत काहीतरी तोललं. "दोन मासे. चांगले मोठे."

म्हणजे सात किलो, फार तर साडेसात.

सियाजा तोवर गाव-रेडिओच्या केंद्राला फोन लावत होती. झोपड्यांमध्ये सगळे तो दिवसभर लावून ठेवतात. "काय सांगू?" तिनं माझ्याकडे बघितलं.

"सांग, अकिनिसी, गोळ्या देऊ नकोस. नर्सची चूक झाली. जो जवळ असेल त्यानं बाळाला घेऊन निघावं."

"चूक असं म्हणू?"

"तसंच म्हण."

ती तसंच म्हणाली. दोनदा. सगळ्या खाडीनं ऐकलं.

आम्ही निघालो. पुतुलिक चालवत होता, मी मागे, छोटा मास्क आणि सलाइनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून कोटाच्या आत धरून. वारा वाढत होता, जमिनीवरचा बर्फ गुडघ्याएवढ्या उंचीनं वाहत होता. तो एकदाच मागे वळून ओरडला, "आई, तिनं दिल्या असतील. तू सांगितलंस म्हणजे देणारच ती."

मध्यावर समोरून बर्फगाडी आली. शेजारच्या झोपडीतल्या माणसानं रेडिओ ऐकला होता. मागच्या स्लेजवर कातड्यांत अकिनिसी बसली होती, बाळ तिच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत.

"दिल्यास?"

"एक. दुधात. दुसरी थुंकली त्यानं." तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

एक म्हणजे मोठ्या माणसाची पुरी मात्रा. यूसिपीचे ओठ निळसर होते, नाकपुड्या फुलत होत्या, आणि डायपर इतका भिजला होता की हात लावताच पाणी निथळलं. अंगातलं पाणी निघून चाललं होतं, माझ्या गोळीनं.

दुरुस्ती:

छातीत कफ दाटला होता. नाक साफ केलं. मास्क लावला. ओठांचा रंग परतला, पण डोळे खोल जात होते. दवाखान्यात हाताची शीर सापडेना, पायाचीही. दक्षिणेतले डॉक्टर फोनवर म्हणाले, हाडात सुई घाला. आठ महिन्यांच्या मुलाच्या नडगीत मी याआधी कधी घातली नव्हती. पुतुलिकनं त्याचा पाय धरला. मी दाबलं. आत काहीतरी कट्कन झालं आणि सलाइन वाहू लागलं.

मग मी प्रत्येक डायपर तराजूवर ठेवत गेले. जेवढं बाहेर, तेवढं आत. चौथा आधीपेक्षा हलका आला. सहावा जवळपास कोरडा. उजेड असतानाच वारा पडला, दक्षिणेतून बोलावलेलं विमान उतरलं आणि अकिनिसी त्याला घेऊन आत चढली. पायरीवर मी म्हणाले, "आत्या, चूक माझी होती."

"रेडिओवर ऐकलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला दक्षिणेतून फोन आला. सियाजानं उचलला, ऐकलं, आणि हातानं मला बोलावलं. "रक्तातले क्षार ठीक आहेत म्हणे. दूध पितोय."

मी पुढे झाले. पलीकडून अकिनिसीचा आवाज खणखणीत होता. "अलासीला नको देऊस. तूच बोल."

सियाजानं फोन कानाला लावून ठेवला, माझ्याकडे न बघता. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. मग अकिनिसीनं बहुतेक बाळाला फोनजवळ नेलं असावं, कारण तो रडायला लागला, मोठ्यानं, छातीभर श्वास घेऊन, आणि सियाजानं फोन कानापासून जरासा दूर धरला.