दामिनीची दुर्बीण आणि घोरपडीचा फोटो

मी दामिनीची दुर्बीण बोलतेय. आधीच सांगते, माझ्यापुढे कॅमेऱ्याचं नाव काढलेलं मला खपत नाही.

दामिनीनं मला हौसेनं घेतलं, लग्नाआधी. रविवारी आम्ही मनीषनगरहून तिच्या आत्याच्या, रुखमाबाईंच्या शेतावर जायचो. तिथं बांधावरच्या वारुळाशी घोरपडी ऊन खायला येत. मातीच्याच रंगाचं अंग, पटकन दिसायचं नाही. आम्ही दोघी पाहत बसायचो, तेव्हा कुठं जीभ लवलवायची.

मग लग्न झालं आणि अश्विनसोबत त्याचा कॅमेरा आला. लांब भिंगाचा, मिजासखोर. दामिनी माझ्यातून शोधायची, हळूच सांगायची, "बाभळीच्या डावीकडं पाह्य." मग तो खटाखट फोटो काढून मोकळा. आषाढात दोन नर मागच्या पायांवर उभे राहून झुंजले, तेही आधी मीच दाखवलं.

त्या झुंजीचा फोटो शहरातल्या प्रदर्शनात लागला. खाली नाव एकट्या अश्विनचं. कोणीतरी विचारलं, "ह्या तुमाले दिसल्या कशा?"

"नजर पाहिजे," अश्विन हसून म्हणाला.

मी दामिनीच्या पिशवीत होते. तिनं पिशवी गच्च आवळली.

घरी ती म्हणाली, "नजर कोणाची होती?"

"फोटो तर मीच काढला ना. काहून चिडून राहिली?"

त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत ती मला घेऊन एकटीच शेतावर गेली. काय सुखाचे दिवस होते ते!

एका सकाळी वारुळातून पिल्लू बाहेर आलं. वीतभर, पिवळ्या ठिपक्यांचं. तेवढ्यात मागून अश्विन आला, कॅमेरा घेऊनच. बराच वेळ भिंग फिरवलं. काही दिसेना.

"कुठं आहे, सांग ना."

दामिनीनं मला डोळ्यांवरून काढलं नाही. सांगू नको वं, मी मनात म्हटलं.

त्यानं कॅमेरा खाली ठेवला. "त्या दिवशी तुझं नाव घ्यायले पाहिजे होतं मी. चुकलं माझं. दुर्बीण दे, मले नुसतं पाहू दे."

तिनं मला गळ्यातून काढून दिलं. त्याच्या डोळ्यांशी मी जुळता जुळेना. दामिनीनंच चाक फिरवलं, त्याची मान धरून वळवली. तो श्वास रोखून पाहत राहिला.

"आता काढ फोटो," तीच म्हणाली.

तो फोटो आमच्या बैठकीत लागलाय, खाली दोघांची नावं. पाहुणे विचारतात, "कॅमेरा कोणता?" शेजारच्या खुंटीवरून मी ऐकत असते. तुम्ही आलात, तर एकदा मलाही डोळ्यांना लावून बघा हो.

दामिनीनं अश्विनला माफ केलं. मी कॅमेऱ्याला केलेलं नाही.