अकरा गड्ड्यांची वाटणी

सकाळपासून बाई जमिनीशी भांडत होती. होस्टा म्हणजे सावलीत रमणारं, रुंद पानांचं गरीब झाड वाटतं. पण बारा वर्षं मुरलेला त्याचा गड्डा उपटायला जा, म्हणजे कळतं! चारी बाजूंनी फावडं घातलं, त्यावर उभी राहिली, शिव्या घातल्या, तेव्हा कुठे एकेक हलला. मग ब्रेडच्या सुरीने प्रत्येकाचे दोन भाग केले, दोन्हीकडे कोंब येतील असं बघून. अर्धा परत खड्ड्यात, अर्धा ओल्या पोत्यात. असे अकरा. कंबरेचे पार बारा वाजले.

पण कुरकुर नव्हती. लेकीने नवं घर घेतलं होतं आणि नवरा म्हणाला होता, "अर्धे काढून ठेव, पोरीच्या अंगणात लावू." तीस वर्षांत ज्याने बागेत तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याला हे सुचलं म्हणून बाईसाहेब आठवडाभर हवेत होत्या.

दुपारी लेक गाडी घेऊन आली. आईचा खुललेला चेहरा बघून फाटकातच थबकली.

"सावलीत लाव हं. उन्हात पानं करपतात."

"आई, माझ्याकडे सावली कुठेय? सगळी फरशी आहे." लेक चपलेने माती उकरू लागली. "बाबा बोलले नाहीत? काल रात्री सांगणार होते."

"काय सांगणार होते?"

"ते जाताहेत. त्यांच्या ऑफिसातली ती... तिच्याबरोबर राहणार आहेत. झाडं तिकडे हवी आहेत."

बाईची नजर ओल्या पोत्यांवर गेली. संसार मोडला तो मोडला, वर त्याची वाटणी तिच्याच हातून करून घेतली! लाज कशी वाटली नाही मेल्याला?

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सहा महिने. बाबांनी शपथ घातली होती, मी काय करणार?"

सहा महिने! दर रविवारी ही इथे जेवून जायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून गप्पा मारायची.

"त्याचं सोड," बाई म्हणाली. "तू माझ्या पोटची ना गं?"

लेक रडायला लागली. खरंच रडली, नाक लाल होईपर्यंत. बाईने तिला जवळ घेतलं नाही.

थोड्या वेळाने लेकीने डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मग... पोती ठेवू गाडीत? ते वाट बघत असतील."