पाचव्या खांद्याची झीज

मित्रांनो, मी एक जुना कॅमशाफ्ट आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. ट्रकच्या इंजिनाच्या पोटात, काळोखात, तेलात न्हात राहणारा मी. आपली गोष्ट सांगायला बसलेले बहुतेक जण पराक्रमापासून सुरुवात करतात. मला ते जमायचं नाही. माझ्या गोष्टीत एक लाजिरवाणी जागा आहे, आणि ती गाळून पुढे गेलो तर माझं सगळंच सांगणं खोटं ठरेल.

आधी माझं काम सांगतो. दोन हात लांबीचा पोलादी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे बारा उंचवटे. मिस्त्री त्यांना लोब म्हणतात, मी माझे खांदे म्हणतो. मी फिरलो की एकेक खांदा वर येतो, आपल्यावर बसलेल्या टॅपेट नावाच्या पोलादी ठोकळ्याला उचलतो आणि इंजिनाची एक झडप उघडते. एका झडपेतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. चाकांना जोर देणारा खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा माझा एक होतो. घाई त्याची, लय माझी. दळताना जातं फिरतं ना, तसा मी फिरत राहायचो आणि मनातल्या मनात गात राहायचो.

बारा वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या कुपवाडला इंजिनं बांधणाऱ्या इमाम मिस्त्रींनी मला एका ट्रकमध्ये बसवलं. ट्रक होता वाईजवळच्या गुंडा हवालदारांचा. फौजेत आयुष्यभर गाड्या चालवून ते घरी आले आणि लिलावात निघालेला जुना लष्करी ट्रक त्यांनी घेतला. त्याच्या इंजिनावर एक सुपरचार्जर होता, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र. हवालदार त्याला भाता म्हणायचे. लोहाराच्या भात्यानं विस्तव फुलावा तसं आमचं इंजिन त्याच्या वाऱ्यानं फुलायचं. सांगलीहून हळदीची पोती, कुपवाडहून लोखंडी खाटा, माधवनगरहून कापडाचे गठ्ठे घेऊन आम्ही किती घाट चढलो त्याची गणती नाही. चढ सरला की हवालदार बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "शाबास गड्या." ती थाप सगळ्या इंजिनाला होती. पण मला वाटायचं, ती माझीच.

मित्रांनो, कौतुकाची सवय फार वाईट.

कितव्या वर्षी कोण जाणे, माझा पाचवा खांदा झिजू लागला. खड्डा पडला नाही, चरा उठला नाही. जिना चढून चढून पायरीचा दगड बसतो, तसा तो हळूहळू बसत गेला. झडप पूर्वीइतकी उघडेना. मला कळत होतं. वरून मात्र मी लखलखत होतो.

*तेलाचं पांघरूण, वर दिसे गं उजळ,*
*झिजल्या खांद्याची, कुणा सांगू मी कळ.*

खरं सांगतो, कुणाला सांगावं असं मला वाटतच नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर इंजिन तेल पिऊ लागलं आणि हवालदारांनी ट्रक इमाम मिस्त्रींच्या दारात आणला. सगळं इंजिन उतरवलं. लायनर, रिंगा, बेअरिंग, टॅपेट, सगळं नवं आलं. मला पुसून टेबलावर ठेवलं आणि माझ्याभोवती चार माणसं उभी राहिली. मला ठेवायचं की बदलायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं.

पहिला बोलला शेजारच्या लेथवाला बाळासो. न विचारता सल्ला देणं हा त्याचा जोडधंदा. "हवालदार, एवढं इंजिन बांधताय तर मोठा कॅम टाका की. झडपांची उचल वाढती. मग गाडी घाट चढायची न्हाई, उडत जायची."

"उडवायला मी काय विमान घेतलंय का रं?" हवालदार हसले, पण त्यांचे डोळे चमकले. "मिस्त्री, खरंच फरक पडंल का?"

उत्तर दिलं नूरीननं. नूरीन इमाम मिस्त्रींची सून. कुपवाडच्याच एका कारखान्यात ती तपासणी विभागात काम करते; दिवसभर यंत्राचे भाग मापून पास-नापास करते. सुट्टीच्या दिवशी सासऱ्याच्या हाताखाली उभी राहते.

"काका, मोठा कॅम नको," ती म्हणाली. "तो दोन्ही झडपा जास्त वेळ एकदम उघड्या ठेवतो. तुमच्या गाडीला भाता हाय. त्यानं कोंबलेली हवा दुसऱ्या दारानं तशीच बाहेर जाईल. भरलेल्या घागरीला भोक पाडल्यासारखं हुईल."

"ऐकलंस का बाळासो?" इमाम मिस्त्री खुशीत म्हणाले. "मोठा-बिठा काय नको. हाच शाफ्ट बसवायचा."

"न्हाई अब्बा," नूरीन म्हणाली. "मोठा नको, पण हा बी नको. ह्याच मापाचा नवा घ्यायचा. मी मायक्रोमीटर लावून बघितलं. पाचवा लोब बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर बसलाय."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पाचव्या खांद्याकडं वळल्या.

इमाम मिस्त्रींची एक रीत होती. लोबवरून ते अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं तर माल भंगारात, नख घसरलं तर माल पास. चाळीस वर्षं त्या नखानं त्यांना नाव मिळवून दिलं होतं. त्यांनी मला उचललं, पाचव्या खांद्यावरून सावकाश नख फिरवलं. ते लोण्यावरून फिरावं तसं घसरलं.

नखाला खड्डा कळतो मित्रांनो, झीज कळत नाही. तो खांदा सगळ्या बाजूंनी सारखाच झिजला होता, नख अडणार कुठं?

"बघा हवालदार, आरसा हाय आरसा," मिस्त्री म्हणाले. मग सुनेकडं न बघता म्हणाले, "कारखान्यात कागदावर मोजत्यात. हितं हातावर मोजत्यात. हा शाफ्ट मी बसवलाय, अजून दहा वर्षं चालतोय."

"अब्बा, निदान झिजल्या लोबवर नवे टॅपेट तरी नकोत. ते त्याला खाऊन टाकतील."

"बसव म्हटलं ना."

बाळासो गालात हसला. "सूनबाई, सासऱ्याला काय शिकवता? त्यांचं शिकणं कवाच झालंय."

नूरीनची मान खाली गेली. तिनं नवे टॅपेट तेलात बुडवून एकेक करून बसवले. तिच्या हाताला राग नव्हता. काम नीटच केलं. आणि मी? मी फुगलो होतो. आरसा म्हणाले मला. खरं बोलणाऱ्या एका बाईला चारचौघांत खोटं पाडून मी माझी जागा राखली होती, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. आज ते आठवलं की वाटतं, मला तेव्हाच भट्टीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवडे कसेबसे गेले. नव्या टॅपेटांनी माझा पाचवा खांदा रोज थोडा थोडा खाल्ला. एके सकाळी आम्ही पाचगणीच्या एका वसतिगृहाच्या खाटा भरून वाईहून पसरणीचा घाट चढू लागलो. तिसऱ्या वळणाला माझ्या खांद्यात काही उरलंच नाही. झडप उघडेना. इंजिन खोकू लागलं, ठोके देऊ लागलं आणि ऐन वळणावर थांबलं. हवालदारांनी चाकामागं दगड लावला. मागं गाड्यांची रांग लागली. येणारा-जाणारा खिडकीतून डोकं काढून काहीतरी ऐकवत होता, आणि ज्या माणसानं बर्फातल्या रस्त्यांवर फौजेच्या गाड्या नेल्या तो भर उन्हात हात जोडून लोकांना वाट देत होता.

पण त्याहून वाईट आत झालं होतं. माझ्या अंगाचा बारीक चुरा तेलात मिसळून नव्या बेअरिंगांपर्यंत पोचला होता. ज्यांचा काही दोष नव्हता त्यांच्या अंगावर मी ओरखडे काढले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक ओढून कुपवाडला आणला. सुट्टीचाच दिवस होता. नूरीन दारातच होती. बाळासो चहाचा कप घेऊन हजर झाला. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "टॅपेट कुणी बसवले हुते? बाईमाणसाचा हात इंजिनाला लागला की असंच हुतंय."

हवालदार रागावले होते, पण माणूस जुन्या ओळखीचा. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर माझा राग न्हाई. सूनबाईच्या हातनं काय ऱ्हायलं असंल. चुकतं माणूस. पण आता पुन्यांदा तुमीच बांधा, दुसऱ्या कुणाचा हात नको."

इमाम मिस्त्रींसमोर सुटायची वाट उघडी होती. नुसतं गप्प राहिलं की झालं. नाव राहिलं असतं, गिऱ्हाईक राहिलं असतं. नूरीननं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. त्या दारात तिला पुन्हा पाना हातात धरता येईल की नाही, ते आता सासऱ्याच्या जिभेवर होतं. माझ्या पोलादाला तोंड असतं तर, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मिस्त्री इंजिनापाशी गेले. दुपारपर्यंत त्यांनी स्वतः सगळं खोललं आणि मला बाहेर काढलं. पाचवा खांदा गोल झाला होता, जणू तिथं कधी उंचवटा नव्हताच. जुना माल मालकाच्या हातात द्यायचा, हा तिथला रिवाज. त्यांनी मला दोन्ही हातांनी हवालदारांच्या हातात दिलं.

"हवालदार, ह्यात पोरीचं काय न्हाई," ते म्हणाले. "तिनं मापून सांगितलं हुतं. हा नको म्हणली, नवे टॅपेट नकोत म्हणली. सुनंनं चारचौघांत शिकवलेलं माझ्या घशाखाली उतरलं न्हाई. बसव म्हणून मी हुकूम सोडला, तिनं तो पाळला."

बाळासोनं कपात डोकं घातलं.

हवालदारांनी मला उलटंपालटं करून बघितलं. "म्हंजे काल घाटात मी ज्या शिव्या खाल्ल्या, त्या तुमच्या नावच्या हुत्या म्हणा."

"व्हय. माझ्याच. पाठवून द्यायच्या हुत्या हिकडं."

हवालदारांच्या मिशीत जरासं हसू हललं. नूरीन मात्र हसली नाही. ती पुढं आली आणि म्हणाली, "अब्बा, आधी सगळं तेल काढू. चुरा बेअरिंगात गेलाय. एकेक मापावं लागंल."

"माप," मिस्त्री म्हणाले. "तू आकडा सांग, मी लिहून घेतो."

ते खरंच वही घेऊन बसले. माझ्याच मापाचा नवा शाफ्ट आला, तेव्हा त्याचे बारा खांदे नूरीननं एकेक करून मापले आणि चाळीस वर्षांचा मिस्त्री खाली बसून सुनेच्या तोंडचे आकडे लिहीत राहिला. कुठं ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारत होता.

मित्रांनो, झिजण्याची मला लाज नाही. जो काम करतो तो झिजतो. लाज वाटते ती लखलखत राहिल्याची. तुमची झीज कुणी मापून सांगत असेल, तर त्याला मध्येच तोडू नका, पुरतं बोलू द्या. आणि तुमच्या चुकीपायी दुसऱ्या कुणाची मान खाली गेलेली दिसली, तर लगेच बोला. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.