दहा मिनिटं पोटाला

नेकनूरला आमचं कापडाचं दुकान होतं. माझे वडील मन्मथप्पा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सकाळी कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते दिवे लागल्यावरच उठायचे. अंगमेहनतीचं एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सोलापूरहून माल आला की एसटीच्या टपावरून सोडलेला गठ्ठा ते पाठीवर घ्यायचे आणि दुकानापर्यंत आणायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

शहाण्णव साली, मी दहावीत होते तेव्हा, तो गठ्ठा त्यांना पेलला नाही. पाठीवर घेतला, दोन पावलं टाकली आणि ते रस्त्यातच खाली बसले. टपावरचा बंकट हमाल उतरेपर्यंत आई दुकानातून धावत आली. तिनं पदर खोचला आणि गठ्ठ्याचं एक टोक धरलं. दुसरं बंकटनं धरलं आणि दोघांनी तो आत आणला.

त्याच वर्षी गावात केबल आली होती. दुपारी एका वाहिनीवर एक गोरा माणूस सपाट पोटावर चापट्या मारून दाखवायचा आणि सोबत एक यंत्र विकायचा. आप्पांनी ते दोन-तीनदा पाहिलं आणि निकाल दिला.

"यंत्राचं काय काम न्हाई. सगळा दोष ह्या पोटाचा हाय. पोट गेलं की कंबर मोकळी."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकानामागच्या खोलीत सतरंजी पडली. आप्पा उताणे झोपायचे, हात डोक्यामागे धरायचे आणि उठून गुडघ्याला कपाळ लावायचे. पाय वर उचलले जायचे म्हणून आई त्यांच्या पावलांवर बसायची. मांडीवर सूप घेऊन ती तूर निवडायची आणि आकडे म्हणायची. पहिल्या दिवशी अकरा झाले. महिन्याभरात शंभर, मग दीडशे. दुसरा कसलाच व्यायाम नाही, रोज फक्त पोट. गिऱ्हाइकाला खण दाखवता दाखवता ते विचारायचे, "आज किती झाले, सांगा बरं?" गिऱ्हाईक बिचारं खणच मोजायला लागायचं.

पट्टा मात्र एक भोकही आत गेला नव्हता. कारण व्यायामानंतर भूक लई लागते असं सांगून आप्पा चार भाकरी आणि वर बुंदी खात होते.

एका सोमवारी आईनं "दोनशे बारा" म्हटलं आणि आप्पा अर्ध्यातच थांबले. वर येता येईना, खाली जाता येईना. चेहरा पांढरा पडला. आईनं सूप बाजूला टाकलं, मागून खांद्याला हात दिला आणि त्यांना हळूहळू सतरंजीवर टेकवलं.

"गंगासागर," ते पुटपुटले, "पाठ गेली."

"गेली न्हाई. हितंच हाय. हलू नका."

डॉक्टरांनी तपासलं. मणक्याला काही नाही, स्नायू आखडलेत, आठ दिवस जपून राहा म्हणाले. ते आठ दिवस आई गादीवर बसली. शाळा सुटली की मी आणि माझा धाकटा भाऊ रवि मदतीला. आतल्या खोलीतून आप्पा ओरडून भाव सांगायचे आणि आई ते ऐकूनही स्वतःच्याच भावानं विकायची.

चौथ्या दिवशी पंडित वस्ताद लंगोटाचं कापड घ्यायला आले. मारुतीच्या पारामागे त्यांची तालीम होती. साठी उलटलेली, कान चेपलेले, पण चालणं असं की पायाखालची माती दबून बसावी. आप्पा दिसले नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली आणि चपला काढून थेट आत आले.

"काय करत होता, आप्पा?"

आप्पांनी जरा ऐटीतच आकडा सांगितला. वस्तादांनी कपाळाला हात लावला.

"दोनशे बारा? आन् बैठका किती?"

"बैठका कावून? पाय बारीकच हायेत की."

"जोर?"

आप्पांनी पांघरूण वर ओढलं.

वस्ताद सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यांनी आप्पांना हळूच कुशीवर वळवलं आणि बोटानं पोटापासून बरगडीखालून पाठीपर्यंत एक रेघ ओढली. "पोट म्हंजे हे पुढचं गाठोडं न्हवं. हितून सुरू होतं, असं बाजूनं जातं, पाठीला येतं, खाली कुल्ल्यापर्यंत. सगळा मिळून एक पट्टा हाय. तुमी कापडवाले. अंगरख्याची पुढचीच बाजू रोज ओढत राहिलात तर मागची शिवण काय करंल?"

"उसवंल," आप्पा म्हणाले.

"मग? आन् चरबी नुस्तं पोट दुमडल्यानं जात न्हाई. ती चालल्यानं जाती आन् ताटावरून उठल्यानं जाती."

मग त्यांनी सांगितलं. आधी पंधरा दिवस फक्त चालायचं. मग बैठका, थोडे जोर, पाठीचा व्यायाम. आणि सगळं झाल्यावर शेवटी पोटाला दहा मिनिटं. तेही आठवड्यातून तीनच दिवस.

"दहाच?" आप्पांचा जीव कळवळला. "इतकं मोठं पोट आन् दहाच मिनिटं? वीस तरी करा."

"घासाघीस दुकानात करा. दहा म्हंजे दहा."

त्या दहा मिनिटांत काय करायचं तेही वस्तादांनी दाखवलं. कोपरं जमिनीवर, पायाची बोटं जमिनीवर, मधलं सगळं अंग फळीसारखं सरळ धरायचं आणि श्वास चालू ठेवून थांबायचं. बाकी काही नाही. आप्पा हसले. "ह्यात काय व्यायाम? नुस्तं थांबायचं?"

तीन आठवड्यांनी वस्ताद पुन्हा आले तेव्हा आप्पांनी ते करून दाखवलं. पंधरा आकडे मोजून व्हायच्या आत कंबर झुलली आणि ते धपकन खाली आले. रवि खिदळला. दारात उभी असलेली आई म्हणाली, "सरका. बघू तरी काय हाय ते."

तिनं कासोटा घातला, पदर कमरेला खोचला आणि सतरंजीवर कोपरं टेकली. वस्ताद तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मी मोजायला लागले. तीस झाले, चाळीस झाले. आई तशीच, वर तोंड चालूच. "प्रणिता, भाजी हलव. रवि, दात काढू नको. किती झालं?" साठ झाले. ऐंशीला ती आपणहून खाली आली, तेही भाजी करपल्याचा वास आला म्हणून.

"वहिनी, माहेर कुठलं तुमचं?" वस्तादांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"शिरूर कासार. लहानपणापासून आडाचं पाणी शेंदलं. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर."

"तरीच."

वस्ताद गेल्यावर आप्पा बराच वेळ आईकडे बघत बसले. बावीस वर्षं संसार झाला होता. उठताना आईनं नेहमीप्रमाणे कमरेला हात लावला. आम्ही तो रोज बघत होतो. आप्पांनी त्या दिवशी विचारलं, "तुझी बी कंबर दुखती का?"

"रवि झाल्यापासून."

"बारा वर्षं? सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी इचारलं का कधी?" आई भाजीची करपलेली कढई खरवडत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून आप्पांना ते जास्त लागलं. ते उठले, तिच्या हातातून कढई घेतली आणि न्हाणीत बसून स्वतः घासली. नीट निघाली नाही. आईनं ती नंतर गुपचूप पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते म्हणाले, "चल. आता मी एकटा फिरायला जाणार न्हाई."

नवरा-बायको नुसतं फिरायला निघतात हे तेव्हा आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या सारजाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुणी वारलं का पाव्हण्यात?" त्यामुळे पहिले आठ दिवस आप्पा वीस पावलं पुढे आणि आई मागे. नवव्या दिवशी आप्पा थांबले. आई जवळ आल्यावर मगच निघाले. पुढे तेच चालू राहिलं. परत आले की दोघांच्या बैठका, पाठीचा व्यायाम आणि सोमवार, बुधवार, शनिवार शेवटी दहा मिनिटं पोट. आप्पा अकरावं मिनिट चोरायला बघायचे. आई त्यांच्या पाठीवर सुपानं हलकेच थापटी मारायची.

पोट पूर्ण कधीच गेलं नाही. पट्टा दोन भोकं आत गेला. बुंदी फक्त सणाला आली. पण पाठ पुन्हा आखडली नाही, आणि माघ येईपर्यंत आईचा उठताना कमरेला जाणारा हातही गेला.

माघातल्या चतुर्थीला दोघांनी ठरवलं, लिंबागणेशच्या गणपतीला पायी जायचं. आप्पा म्हणाले, जाऊन-येऊन पायीच. पहाटे निघाले ते दिवस मावळल्यावर परतले. येताना वाटेत एसटी आली होती म्हणे. कंडक्टरनं थांबवून विचारलंही.

"तुमी दमलात का?" आईनं विचारलं.

"मी? छट. तू?"

"मी कशाला दमते?"

एसटी निघून गेली आणि दोघं उरलेली सगळी वाट चालत आले.

सकाळी दोघांनाही अंथरुणातून उठवेना. मी आणि रविनं दुकान उघडलं. वस्ताद आले आणि त्यांनी विचारलं, मालक कुठं हायेत? तेवढ्यात आतून आप्पांचं हसणं ऐकू आलं. आपणही दमलो होतो हे त्यांनी कधी कबूल केलं कोण जाणे, पण आई मोठ्यानं म्हणत होती, "मंग तवाच सांगायचं ना, एसटीत बसू म्हणून! माझे बी पाय तुटत होते!"

वस्तादांनी दाराकडे एकदा बघितलं आणि कापड न घेताच वळले.

"आज सुट्टी म्हणावं दोघांना," ते मला म्हणाले. "पोटाला बी."

आत दोघं अजून हसत होते आणि हसता हसता कण्हत होते.