नव्व्याण्णव वर्षांची हट्टी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी जपानी छत्री आहे. आधीच सांगून ठेवते, रडगाणं गायला मी आलेली नाही. बांबूचा दांडा, तेल पाजलेला लाल कागद आणि नव्व्याण्णव वर्षांचं वय, एवढीच माझी इस्टेट.

जपानातल्या गिफू गावच्या एका कारागिराने मला घडवलं. आमच्याकडे समजूत अशी, की शंभर वर्षं झालेल्या वस्तूत जीव येतो. छत्रीला एक डोळा फुटतो, लांब जीभ येते आणि दांड्याचा पाय करून ती उड्या मारू लागते. चित्रकारांनी आमची अशी चित्रं हौसेने काढली. लोक मात्र घाबरट! शंभरी भरण्याआधीच, वर्षअखेरच्या साफसफाईत, जुन्या वस्तू फेकून मोकळे होत. आयुष्यभर राबवून घ्यायचं आणि जीव येणार म्हटलं की उकिरडा दाखवायचा! मला याचा आजही संताप येतो.

घडवल्याच महिन्यात एका इंग्रज खलाशाने मला विकत घेतलं, दांड्यावर ‘ऑक्टोबर १९२६’ असं कोरलं आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला आणलं. त्याच्या बायकोने मला बागेत मिरवलं, पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. पुढे कितीतरी वर्षं मी माळ्यावर कोळ्यांची जाळी सांभाळत पडले. शेवटी इथल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर स्नेहलने मला जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून उचललं. तिच्या सासूबाई, नागपूरच्या चंदाबाई, यांनी मैद्याची खळ शिजवून माझा फाटका कागद सांधला. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

मग परवा स्नेहलच्या नवऱ्याने, संघर्षने, नेटवर आमची ती चित्रं पाहिली. हा गृहस्थ दर रविवारी विहारात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलतो बरं! दांड्यावरचं साल वाचून त्याचा चेहरा पडला.

“आई, टिपचा आजचा स्लॉट बुक केलाय. जुन्या गादीबरोबर ही छत्रीपण टाकून येतो,” तो म्हणाला. टिप म्हणजे इथला कचरा डेपो.

“काहून? चांगली तर आहे.”

“अगं, पुढच्या महिन्यात शंभर होतात तिला. म्हणजे, मी मानत नाही काही. पण रिस्क कशाला?”

चंदाबाईंनी कोट चढवला, मला काखेत मारलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावला.

“आई, तू कुठे?”

“टिपला. मीपण ऐंशीची आहे. जुनं झालेलं टाकतोस ना? दोघींना एकदमच टाक. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत तुला, अन् छत्रीला भिऊन राहिला!”

संघर्षने गाडी सुरू केली. आम्ही दोघी समोर बघत बसलो. मी कागदाची एक घडीसुद्धा हलू दिली नाही. गाडी काही दारातून हलली नाही; शेवटी त्याने इंजिन बंद केलं.

“उतर आई. चुकलं माझं.”

“मला नको सांगू. तिला सांग,” चंदाबाईंनी मला पुढे केलं.

आणि मित्रांनो, तो खरंच माझ्याकडे वळून “सॉरी” म्हणाला!

जुन्या वस्तूंची डागडुजी करा, त्यांना ऊन दाखवा, पुसत जा. अगदीच कामातून गेलेली वस्तू खुशाल टाका. पण तुमची भीती झाकण्यासाठी कुणालाही घराबाहेर काढू नका. माझी शंभरी याच घरात होणार. ज्याला भीती वाटेल, त्याने हवं तर बाहेर जावं.