अर्धा खोचलेला शर्ट

आमच्या छकुलीला कुणाचं कपाट उघडं दिसलं की तिच्या अंगात येतं. छकुली म्हणजे माझी धाकटी नणंद. दोन मुलांची आई झाली तरी घरात छकुलीच. लोकांना कपडे कसे घालायचे ते शिकवणं हा तिचा धंदा. नवं काही घ्यायचं नाही, पांढरा शर्ट, करडी पँट, काळे बूट असं जे सगळ्यांच्याच घरी असतं त्याच्याकडे फक्त 'नव्या नजरेनं' बघायचं. हे ती फोनसमोर उभी राहून सांगते आणि पलीकडे हजारो माणसं माना डोलावतात. तिनं नव्या नजरेनं बघितल्यापासून माझी एक चांगली लोकरीची शाल तिच्या घरी स्कर्ट होऊन नांदतेय.

माझं काय ते मी बघून घेईन. पण या वेळी बाईसाहेबांची नजर पडली ती माझ्या सासऱ्यांवर, आणि तीही नको त्या दिवशी.

बाबा वजनकाटे तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांची पळापळ व्हायची. घरात मात्र या माणसानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मुलगी म्हणेल ते बरं, मुलगा म्हणेल ते बरं, मी म्हणेन ते तर फारच बरं. सासूबाई गेल्यापासून ते रोज वाचनालयात जायचे आणि येऊन गप्प बसायचे. मग तिथे एका वर्तमानपत्रावरून त्यांचं एका बाईंशी भांडण झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. मग रोजच व्हायला लागलं आणि भांडून आल्यावर बाबा गुणगुणायला लागले. मी काही दूधखुळी नाही. चौकशी केली. बाई शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता निवृत्त, एकट्या. आम्ही त्यांना घरात हेडबाईच म्हणायला लागलो. आणि मुख्य म्हणजे त्यांचं स्वतःचं ऐसपैस घर होतं.

आता खरं सांगते, उगाच साळसूदपणा कशाला? मला बाबांची खोली हवी होती. मी घरूनच काम करते. लोकांची वॉशिंग मशीन बिघडली की ते मला फोन करून ओरडतात आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' म्हणते. तेवढ्यात कुणीतरी मिक्सर लावतं, कुणी टॉवेल कुठाय म्हणून बोंबलतं, आणि पलीकडचं गिऱ्हाईक विचारतं की बाई, तुम्ही ऑफिसात आहात की बाजारात. वरच्या साहेबीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मागचा गोंधळ बंद करा, नाहीतर काम बंद करा. दार लागेल अशी एक खोली मिळाली नाही तर माझी नोकरी जाणार होती. बाबा लग्न करून हेडबाईंकडे राहायला गेले की त्यांचंही भलं, माझंही भलं.

"बाबा, लग्नाचं विचारून टाका ना त्यांना," मी एक दिवस म्हटलं.

"विचारू?"

"विचारा."

"बरं," म्हणाले बाबा.

झालं. चहाला भेटायचं ठरलं. मी त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला, बूट चमकवले. आणि ऐन वेळी छकुली दारात उभी.

"या अवतारात?" ती किंचाळली. "बाबा, तुम्ही लग्नाचं विचारायला चाललाय की वजनकाटा जप्त करायला?"

मग काय विचारता! तिनं बाबांना आरशासमोर उभं केलं. शर्ट पुढून खोचला, मागून सोडून दिला.

"विसरल्यासारखं दिसतंय गं," बाबा म्हणाले.

"तेच तर हवंय! मुद्दाम विसरल्यासारखं."

"बरं."

बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. पँट घोट्याच्या वर दुमडली. मोजे काढून टाकले. स्वेटर अंगात न घालता खांद्यावरून सोडून गळ्याशी बाह्यांची गाठ मारली. पट्टा काढला आणि त्या जागी त्यांचा जुना टाय कमरेला बांधला. टाय गळ्यात तर सगळेच बांधतात म्हणे.

"अगं, ते लग्नाचं विचारायला चाललेत, गुडघाभर पाण्यातून नाही," मी म्हटलं.

"वहिनी, तुला यातलं काही कळत नाही. माणसाचं स्वतःचं काहीतरी दिसायला नको? इतकी वर्षं बाबा त्या पांढऱ्या शर्टात नुसते लपून बसलेत."

"लपून कशाला बसतील? तीच त्यांची आवड आहे. साधी, स्वच्छ. विचार त्यांना."

"बाबा, तुम्हाला काय आवडतं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघी ठरवा," म्हणाले. माझ्या नवऱ्यानं एव्हाना वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

छकुलीला या सगळ्याचं चित्रीकरण करायचं होतं, म्हणून ती चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर बसणार. तिला आवरायला कुणीतरी हवं, म्हणून मीही. तिनं साखरेच्या भांड्याला टेकवून फोन उभा केला आणि आम्ही दोघी बाबांना ओळखत नसल्यासारख्या बसलो. म्हणजे तसा आमचा समज होता.

हेडबाई ठरल्या वेळी आल्या. आखूड केस, ताठ मान, हातात छत्री. बाबा उठायला गेले, अर्ध्यावर थांबले, कमरेला हात लावला आणि परत मटकन बसले.

"काय हो, पाय दुखतोय का?" बाईंनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "उठलो तर पँट खाली येईल."

छकुलीनं माझा हात घट्ट धरला. बाई मात्र शांतपणे समोर बसल्या. वर्गात काय काय बघितलं असेल त्यांनी, कुणास ठाऊक.

"पट्टा?"

"घरी आहे. टाय बांधलाय. मुलीनं."

"शर्ट मागून बाहेर आलाय."

"तोही मुलीनं."

"मोजे?"

"मुलीनं काढले."

बाईंनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. "आणि या दोघी मघापासून इकडे कान लावून बसल्यात, त्या?"

"ती मुलगी. आणि ही सून."

आम्ही दोघी उगाचच हसलो. बाबांनी घसा साफ केला. एकदाचं उरकून टाकावं, तसं ते म्हणाले, "मला विचारायचं होतं, आपण लग्न करावं का?"

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा किती मऊ झाला होता, मी बघितलं ना! क्षणभर मला माझं टेबल त्या खोलीतल्या खिडकीशी लावलेलं दिसायला लागलं.

"हे तुम्हाला कधी सुचलं?" त्यांनी हळूच विचारलं.

अहो, खोटं बोला ना एकदा! पण जन्मभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडलेला माणूस. "मला नाही," म्हणाले. "सूनबाईनं सुचवलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"असं होय," बाई म्हणाल्या. मऊपणा गेला. "आणि रोजचा तो पांढरा शर्ट? तो तरी तुमचा ना?"

"हिला आवडायचा पांढरा. म्हणजे माझ्या बायकोला. ती गेल्यावरही मी तसेच शिवून घेत राहिलो."

'तीच त्यांची आवड' असं छातीठोकपणे सांगून आले होते मी.

"म्हणजे शर्ट बायकोचा, खोचणं मुलीचं, लग्न सुनेचं," हेडबाई म्हणाल्या. "मग माझ्याशी लग्न करणार आहे तरी कोण?"

बाबांचे कान लाल झाले होते, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची फार दया आली. खोलीबिली सगळं विसरले मी. निदान थोडा वेळ तरी.

"सांगितलेलं ऐकणारी मुलं मी खूप सांभाळलीत," बाई उठत म्हणाल्या. "आता घरी आणखी एक नको. एक सांगा, त्या वर्तमानपत्रावरून माझ्याशी भांडायला तुम्हाला कुणी पाठवलं होतं?"

"नाही. ते मीच."

"मग तो माणूस कुठे सापडला तर उद्या पाठवून द्या." छत्री उचलून त्या निघूनही गेल्या.

छकुलीनं फोन हातात घेतला. "वहिनी," ती कुजबुजली, "शेवटचा आवाज नीट आला नाही गं. त्यांना परत बोलावता येईल का?"

मी तिला तिथंच फाडून खाल्लं असतं, पण बाबांची पँट सावरायला दोघींची गरज होती.

घरी येऊन बाबा खोलीत गेले ते सकाळी बाहेर आले. चहा न घेताच कुठेतरी गेले, हातात पिशवी घेऊन परतले, पुन्हा दार लावलं. मी हिरमुसून टेबलाशी बसले होते. छकुली वडिलांना झालेल्या दुःखावर उपाय म्हणून करड्या पँटकडे आणखी एका नव्या नजरेनं बघायला आली होती. तेवढ्यात दार उघडलं.

बाबांच्या अंगात पोपटी शर्ट होता. त्यावर नारिंगी फुलं, एकेक बशीएवढं. पोटावर बटणं ताणलेली. शर्ट चारी बाजूंनी नीट खोचलेला, वर रुंद पट्टा.

"बाबा!" छकुली जवळजवळ रडली. "हे कुठल्याच स्टाईलमध्ये बसत नाही हो!"

"अहो बाबा, लोक हसतील," मीही म्हटलं. "बदला ते आधी."

"नाही," बाबा म्हणाले.

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. आमच्या घरात बाबांच्या तोंडून हा शब्द भिंतींनीही ऐकला नसेल. "मला लहानपणापासून असला शर्ट हवा होता," ते म्हणाले आणि चपला घालून वाचनालयाकडे निघून गेले.

संध्याकाळी परतले ते गुणगुणत. "हो म्हणाली," त्यांनी सांगितलं. "आधी पोट धरधरून हसली, मग हो म्हणाली."

मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं. छकुलीनं डोळे पुसले. मी म्हटलं, "बाबा, फार छान झालं! आता सामानाची काळजी तुम्ही करू नका हं. मी सगळं बांधून देते. तुमचं कपाटसुद्धा तिकडे पोचवू."

"कुठे?"

"त्यांच्या घरी."

"मी कुठे जातोय?" बाबा म्हणाले. "तीच इकडे येतेय. तिला तिकडचे जिने चढवत नाहीत आता. तिनं विचारलं कुठे राहायचं, मी सांगितलं, माझ्या खोलीत. कुणाला विचारलं नाही मी, हं. माझं मीच ठरवलं."

"पण बाबा, माझं काम... फोन..."

"तुझं तू बघ बाई. सकाळी टेबलाशी ती मोठ्यानं वर्तमानपत्र वाचणार आहे, तिला तशी सवय आहे." शर्टाची कॉलर नीट करत ते खोलीकडे वळले आणि दारात थांबले. "आणि हो, सूनबाई, तिनं तुझे आभार मानायला सांगितलेत. लग्नाचं तुझ्या डोक्यात आलं नसतं तर हे कधी झालंच नसतं म्हणाली."

छकुली माझ्याकडे बघून फिसकन हसली. मीही हसले. दुसरं काय करणार?