मी अडवलेला उजेड

मी एक गॉगल आहे, मित्रांनो. सायकल चालवणाऱ्यांसाठी बनवलेला, नंबरचा, काळ्याभोर काचांचा. जुना म्हणावा इतकं माझं वय नाही. अजून माझ्या काड्या घट्ट आहेत, नाकाजवळचं रबर मऊ आहे. तरी मी निवृत्त झालो आहे, आणि ते योग्यच झालं. माझ्या उजव्या काचेवरचा ओरखडा पाहून कुणी हळहळू नये, म्हणून ही हकिकत सांगतो.

चष्म्याच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात, अगदी डोळ्यांच्या उंचीवर मांडलेला होतो. दुकान एक बाई चालवत. त्यांचा हात हलका होता आणि जीभ सरळ होती. शेजारी दुसरी एक फ्रेम असे. तिची काच फिकट तांबूस, रूप अगदीच बेताचं. मी मात्र नाकाने कांदे सोलत असे. जो येई तो आधी मलाच उचलून आरशात बघे, मग माझं डोकं ठिकाणावर कसं राहणार?

एक दिवस एक गृहस्थ आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम ते वीस वर्षं करत होते. एखादी वेलांटी चुकीची पडली की त्यांना जेवण जात नसे, म्हणून छापखान्यातले सगळे त्यांना वेलांटीसाहेब म्हणत. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. तिला घरी बारकी म्हणत, आणि ती चाळीस वर्षांची, चांगली अंगापिंडाने भरलेली बाई होती. ती शिवणकाम करायची. दर रविवारी सकाळी दोघं भावंडं सायकलींवरून लांब फेरी मारत.

"नंबर केवढा आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार."

"म्हणजे एकदा घातला की रस्त्यात काढता यायचा नाही. सावलीचा रस्ता लागतो का?"

"लागतो की," बारकी म्हणाली. "शेवटी झाडंच झाडं आहेत."

"मग हा फिकट काचेचा घ्या. उन्हात गारवा जरा कमी वाटेल, पण सावलीत दिसेल."

साहेबांनी त्या फ्रेमला अडकवलेलं माहितीचं कार्ड वाचायला घेतलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कार्डावर 'दृष्टी'ऐवजी 'दृश्टी' छापलं होतं.

"ज्यांना दृष्टी लिहिता येत नाही, ते मला दृष्टी काय देणार?" असं म्हणून त्यांनी ती फ्रेम खाली ठेवली.

"अरे दादा, कार्ड डोळ्यांवर घालायचंय का तुला?" बारकी हसत म्हणाली. बाईही हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं कार्ड हातात घेतलं, खिशातली पेन्सिल काढली आणि अक्षरन् अक्षर तपासलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'फक्त भर उन्हासाठी. दाट सावलीत वापरू नये.' त्या ओळीत एकही चूक नव्हती. साहेबांनी समाधानाने बरोबरची खूण केली. आयुष्यभर त्यांनी असंच वाचलं होतं: अक्षरं सगळी, अर्थ दुसऱ्या कुणीतरी बघायचा.

बाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. पण तोवर साहेब मला घालून आरशासमोर उभे होते, आणि मी लखलखत होतो. मित्रांनो, ती शेवटची ओळ मला पाठ होती. तरी मला निवडलं म्हणून मी हुरळून गेलो. त्या आरशातल्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

कारागिराने नंबराच्या काचा घासल्या, गडद रंगवल्या आणि माझ्यात बसवल्या. मग आमचे रविवार सुरू झाले. कारखान्याच्या भिंतीलगतच्या उघड्या रस्त्यावर मी खरोखर कामाचा होतो. ऊन, धूळ, चिलटं, काही म्हणून मी साहेबांच्या डोळ्यांपर्यंत जाऊ दिलं नाही. "बघ, निवड कशी आहे!" ते बहिणीला ऐकवत. झाडांच्या रस्त्याला लागलं की मात्र माझ्यामागे काळोख होई. दोन-तीन सेकंद साहेबांना काही दिसत नसे. ते पॅडल मारायचं थांबवत, डोळे किलकिले करत आणि गप्प बसत. आपण मोठ्या तोंडाने निवडलेली वस्तू चुकली, हे बहिणीपुढे कोण कबूल करणार!

असे नऊ रविवार निभावले. दहाव्या रविवारी बारकी पुढे होती. झाडांखाली शिरल्यावर थोड्या अंतरावर एक कुत्रं आडवं आलं. तिने रीतसर उजवा हात वर केला, वेग कमी केला आणि ती थांबली. मागून साहेब मान खाली घालून उन्हातून जोरात येत होते. सावलीत शिरताना त्यांनी मान वर केली. तिच्या उंचावलेल्या हाताचा उजेड माझ्यापर्यंत आला होता, मित्रांनो. मी तो आत सोडला नाही.

साहेबांचं चाक तिच्या चाकावर आदळलं. ती त्याच हातावर पडली. मी उडून खडीत गेलो. साहेबांना फक्त खरचटलं. ते उठले, चाचपडत त्यांनी मला शोधलं, डोळ्यांवर चढवलं, आणि बहिणीला उचलण्याआधी ते ओरडले, "हात का नाही दाखवलास?"

"दाखवला होता," ती कळवळत म्हणाली. मग थोडं थांबून, "दाखवला ना रे मी?"

"नाही. दाखवला असतास तर मला दिसला नसता का?"

बारकीने लहानपणापासून एकच गोष्ट ऐकली होती, की दादाच्या नजरेतून चूक सुटत नाही. तिने मान खाली घातली आणि ती म्हणाली, "मग राहिलं असेल माझ्याकडून." तिचं मनगट मोडलं होतं, तरी चूकही तिनेच पदरात घेतली. मी साहेबांच्या नाकावर बसून सगळं ऐकत होतो. मला तोंड असतं तर... पण हा 'तर' दुबळ्यांचा असतो. कपाटात होतो तेव्हाही मी बोलू शकत नव्हतो, पण आनंद तर माझ्या मर्जीने झाला होता.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. शिवायला घेतलेले कपडे तिने परत पाठवले. चौकशीला येईल त्याला ती सांगे, "माझाच वेंधळेपणा. दादा बिचारा वाचला, नशीब." साहेब तिथेच बसून चहा पीत. हळूहळू कप त्यांच्या हातात तसाच राहू लागला. 'दाखवला असतास तर मला दिसला नसता का', हे स्वतःचं वाक्य त्यांना वारंवार आठवत असावं. त्यात एकही अशुद्ध अक्षर नव्हतं, तरी ते काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

सातव्या आठवड्यात ओरखडा घालवता येतो का विचारायला ते मला दुकानात घेऊन गेले. बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "कुठे पडलात?"

"झाडांच्या रस्त्यावर. बहीण हात न दाखवता थांबली."

बाईंनी साहेबांना मला घालायला लावलं आणि पायरीवर रणरणत्या उन्हात उभं केलं. स्वतः दुकानालगतच्या अंधाऱ्या बोळात गेल्या. थोड्या वेळाने हाक आली, "आत या. काय दिसतंय?"

साहेब दोन पावलं आत आले. "काही नाही."

"मी हात वर केलाय."

साहेब तिथेच उभे राहिले. एक, दोन, तीन सेकंद. मग काळोखातून आधी बोटं दिसली, मग तळवा, मग बाई. साहेबांचे डोळे भरून आले होते, आणि माझ्या काचा आतून ओल्या झाल्या.

ते तडक बहिणीकडे गेले. प्लास्टर निघालं होतं. ती मशीनपुढे बसून डाव्या हाताने कापड सरकवत होती, कारण उजवं मनगट नीट वळत नव्हतं आणि कात्री धरवत नव्हती. साहेबांनी मला काढून मशीनवर ठेवलं.

"बारके, तू हात दाखवला होतास."

तिने मशीन थांबवलं. "तुला काय माहीत?"

"मला दिसलं नाही. सावलीत या गॉगलमधून मला कधीच दिसत नव्हतं. मला ते माहीत होतं."

तिने रागवावं अशी साहेबांची तयारी होती. ती रडेल हे त्यांना वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, मला वेड लागलं," ती हुंदके देत म्हणाली. "हात वर केलेला मला स्पष्ट आठवत होता, दादा. तू नाही म्हणालास म्हणून मी ते खोटं धरलं. दार लावलं का, गॅस बंद केला का, दहा-दहा वेळा उठून बघते मी हल्ली. मनगटाचं दुखणं सोसलं असतं रे."

साहेब तिच्याजवळ जायला लागले. तिने मान हलवली. "आज नको. आज तू घरी जा."

ते गेले. मला घ्यायचं विसरले, का मुद्दाम ठेवलं, कोण जाणे. तेव्हापासून मी तिच्या शिलाईच्या खणात, बटणांच्या डब्यामागे पडून आहे. साहेब फिकट काचेचा गॉगल घालतात म्हणे. रविवारी ते येतात आणि तिने बेतलेलं कापड तिच्यासाठी कापून देतात. वाकडंतिकडं कापतात, ती रागावते, ते ऐकून घेतात. सायकलीवर ती अजून बसलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. ते म्हणण्याचा माझा हक्क मी गमावला आहे. माझ्या काचांवर धूळ बसली तर बसू द्या. फक्त एवढं करा: तुमच्यामुळे कुणी पडलं, आणि तुम्हाला ते दिसलं नसेल, तर लगेच म्हणा, "मला दिसलं नाही." साहेबांना हे तीन शब्द म्हणायला सात आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत तिचं हाड जुळलं, पण स्वतःच्या आठवणीवरचा तिचा विश्वास अजून जुळलेला नाही. ती आजही दार लावून दोन पावलं जाते, आणि परत येऊन कडी बघते.